भयग्रस्ताची श्रद्धा

गेल्या पावसाळ्यांत माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला होता. तो वसईकडील ख्रिस्ती कुटुंबांतला. त्याची आई कित्येक महिने अंथरुणाला खिळलेली होती. त्यांतच त्याची नोकरी सुटली होती, आणि पुढें काय होणार याचा कांहींच अंदाज लागत नव्हता. बोलतां बोलतां तो म्हणाला, "सर, मी प्रार्थनेला बसतों, पण मनांत प्रार्थना येत नाहीं, भीति येते. ज्याची श्रद्धा खरी त्याला भय नसतें, असें आई आम्हांला लहानपणापासून सांगत आली. मग मला एवढें भय वाटतें त्या अर्थीं माझी श्रद्धा कधींच खरी नव्हती, असें समजावयाचें का?" मीं त्या वेळीं त्याला कांहीं तरी उत्तर दिलें. तें त्याला पटलें नाहीं; आणि खरें सांगावयाचें तर मलाहि पटलें नाहीं. मी स्वतः त्याच्या धर्माचा अनुयायी नाहीं. तथापि प्रश्न असा आहे कीं, कोणत्याहि धर्माच्या अथवा तत्त्वाच्या आधारानें जगूं पाहणाऱ्या मनुष्यास तो केव्हां ना केव्हां भेटल्यावांचून राहत नाहीं. म्हणून तेव्हां न साधलेलें उत्तर येथें देण्याचा प्रयत्न करीत आहें.

श्रद्धा आणि भय यांचें हाडवैर आहे, हा समज केवळ ख्रिस्ती लोकांतच आहे असें नाहीं. भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायांत दैवी संपत्तीची जी गणना केली आहे, तींत अभय हा गुण अगदीं पहिला येतो. आपल्या संतचरित्रांतूनहि भक्ताचें निर्भयपण हीच त्याच्या भक्तीची खूण म्हणून सांगितलेली आढळते. ख्रिस्ती परंपरेंत हुतात्म्यांना जें श्रेष्ठ स्थान मिळालें आहे त्याचें कारणहि हेंच. वसईच्या ख्रिस्ती घरांतून ज्याचें नांव आदरानें घेतलें जातें, त्या संत गोन्सालो गार्सियाचें उदाहरण पाहा. तो १५५६-५७ च्या सुमारास वसईस जन्मला. बाप पोर्तुगीज, आई इकडचीच. लहानपणीं जेझुइट पाद्र्यांच्या हाताखालीं तो शिकला, त्यांच्याबरोबर जपानांत गेला, तेथील भाषा त्यानें आत्मसात् केली, मध्यंतरीं कांहीं वर्षें व्यापार केला, आणि शेवटीं मनिला येथें फ्रान्सिस्कन पंथांत प्रवेश केला. १५९३ सालीं त्या पंथाची मंडळी जपानांत गेली तेव्हां दुभाष्याचें काम त्याच्याकडे होतें. पुढें तेथील सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याची मर्जी फिरली. गोन्सालो व त्याचे सोबती पकडले गेले. त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यांत आला. ऐन हिंवाळ्यांत त्यांना नागासाकीपर्यंत चालवीत नेलें. आणि १५९७ च्या फेब्रुवारीच्या ५ तारखेस निशिझाका टेकडीवर एकंदर सव्वीस जणांना क्रूसावर बांधून भाल्यांनीं भोसकून ठार केलें. त्यांत बारा वर्षांचा एक मुलगाहि होता. १८६२ सालीं रोमनें या सव्विसांना संतपद दिलें. जन्मानें भारतीय असा हा पहिला संत होय.

अशा चरित्रापुढें आपण मस्तक नमवितों, आणि तें योग्यच आहे. परंतु मस्तक नमवून उठल्यावर मनांत एक प्रश्न उरतो. सव्वीस जण मेले. पुढील पन्नास वर्षांत आणखी कित्येक हजार मेले. परंतु सतराव्या शतकाच्या आरंभीं जपानांत ख्रिस्ती लोकांची संख्या सुमारें तीन लाखांपर्यंत पोंचली होती असा अंदाज आहे. जे मेले नाहींत त्यांचें काय झालें? जे भ्याले त्यांचें काय? त्यांची चित्रें कोणी देवळांत लावीत नाहीं. आणि माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न तर त्यांच्याविषयींचाच होता.

१६१४ सालीं जपानांत ख्रिस्ती धर्मास सर्वत्र बंदी झाली. पाद्र्यांना हांकलून देण्यांत आलें. जे लपून राहिले अथवा चोरून परत आले त्यांना शोधून काढण्यासाठीं बक्षिसें जाहीर झालीं. प्रत्येक कुटुंबानें कोणत्या तरी बौद्ध मंदिरांत आपलें नांव नोंदवावें असा नियम झाला. पांच पांच घरांचे गट करून एका घराच्या अपराधास सर्व गट जबाबदार धरला जाऊं लागला, म्हणजे शेजारी हाच पहारेकरी झाला. आणि १६२० नंतरच्या दहा वर्षांच्या अखेरीस नागासाकीकडे एक नवीन परीक्षा सुरू झाली. येशूची किंवा त्याच्या मातेची प्रतिमा जमिनीवर ठेवावयाची, आणि प्रत्येकानें अधिकाऱ्यासमोर तिच्यावर पाय देऊन पुढें जावयाचें. हिला 'फुमि-ए', म्हणजे तुडवावयाचें चित्र, असें म्हणत. प्रथम कागदावरचीं चित्रें असत. तीं फाटूं लागलीं म्हणून पुढें लांकडी फळ्यांत बसविलेल्या धातूच्या प्रतिमा आल्या. नागासाकीस नव्या वर्षाच्या आरंभीं हा विधि दरसाल होई; लहान मुलांना, आजाऱ्यांनासुद्धां त्यांतून सूट नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे दोनशेंहून अधिक वर्षें, हें चाललें होतें. त्यांतील कांहीं प्रतिमा आजहि पाहावयास मिळतात. असंख्य पावलांखालीं ख्रिस्ताचा चेहरा झिजून गुळगुळीत झाला आहे.

तीं पावलें कोणाचीं होतीं? बहुतेक बौद्ध शेजाऱ्यांचीं. पण त्यांत पुष्कळ त्यांचींहि होतीं, जे मनानें ख्रिस्ती होते. १६४४ सालीं शेवटचा पाद्री मारला गेल्यानंतर त्या देशांत पापनिवेदन ऐकावयास, क्षमा उच्चारावयास कोणी उरला नाहीं. अशा स्थितींत नागासाकीच्या आसपासच्या खेड्यांतील शेतकरी आणि कोळी वर्षांतून एकदां त्या प्रतिमेवर पाय देत, आणि घरीं येऊन दार लावून पश्चात्तापाची एक प्रार्थना म्हणत. 'कोन्चिरिसान' हें तिचें नांव. पश्चात्तापवाचक पोर्तुगीज शब्दाचाच तो जपानी उच्चार. पाद्री नसतांना अंतःकरणापासून झालेला पश्चात्ताप देवाला कसा निवेदन करावा, हें सांगणारें एक लहानसें पुस्तक बंदीपूर्वीं तयार झालें होतें. तेंच पिढ्यान् पिढ्या पाठांतरानें टिकलें.

या लोकांविषयीं आपण काय म्हणावें? दोन उत्तरें चटकन् सुचतात, आणि माझ्या मतें दोन्ही अपुरीं आहेत.

पहिलें उत्तर कठोर आहे. तें असें कीं, ही श्रद्धाच नव्हे. श्रद्धेची कसोटी कृतींत असते. मनांत एक आणि पायांत दुसरें असें जो वागतो तो स्वतःला फसवितो. 'मनानें मी तुझाच आहें' हें वाक्य कोणताहि विश्वासघातकी मनुष्य म्हणूं शकतो. शिवाय या भित्र्यांना श्रद्धावान् म्हटलें तर गोन्सालोनें प्राण कशासाठीं दिले? हें उत्तर हलकें लेखतां येण्यासारखें नाहीं. ख्रिस्ती समाजांत तें फार जुनें आहे. इसवी सन २५० मध्यें रोमन सम्राट् डीशियस यानें सर्व प्रजेनें देवतांना बलि अर्पून तसा दाखला घ्यावा असा हुकूम काढला. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनीं भयानें बलि दिले, कित्येकांनीं पैसे देऊन खोटे दाखले मिळविले. वादळ ओसरल्यावर हे लोक परत आले, आणि त्यांना समाजांत घ्यावें कीं नाहीं याविषयीं मोठा वाद माजला. नोव्हेशियन याचा पक्ष म्हणे, त्यांना क्षमा करण्याचा अधिकार मनुष्यांना नाहीं. कार्थेजचा बिशप सिप्रियन यानें दीर्घ प्रायश्चित्तानंतर परतीची वाट मोकळी ठेवली. या सिप्रियनचें चरित्र लक्षांत ठेवण्याजोगें आहे. त्या छळाच्या काळांत तो स्वतः लपून राहिला होता, व त्याबद्दल त्याला पुष्कळ बोल ऐकावे लागले. आणि आठ वर्षांनंतर, २५८ सालीं, तोच मनुष्य पळून न जातां तलवारीखालीं शांतपणें मान देता झाला. २५० सालचा सिप्रियन खोटा आणि २५८ सालचा खरा, असें म्हणावयाचें काय? कठोर उत्तराचा दोष येथें दिसतो. तें मनुष्याच्या आयुष्यांतील एक क्षण उचलतें आणि त्यावरून सगळ्या आयुष्याचा निकाल देतें.

दुसरें उत्तर मवाळ आहे, आणि आजच्या सुशिक्षितांना तेंच अधिक आवडतें. देव अंतःकरण पाहतो. धातूच्या तुकड्यावर पाय दिल्यानें काय बिघडतें? बाह्य आचाराला एवढें महत्त्व देणें हीच मुळीं संकुचित वृत्ति होय. हें ऐकावयास गोड लागतें, पण त्या खेडुतांनीं तें मान्य केलें नसतें. त्यांना हें मान्य असतें तर घरीं येऊन रडत प्रार्थना म्हणण्याचें कारणच काय होतें? ज्या कृत्यानें कांहींच बिघडत नाहीं त्याचा पश्चात्ताप कोणी करीत नाहीं. ते लोक दरसाल पाय देत आणि दरसाल त्या पाय देण्याला पाप म्हणत. आपण त्यांच्या वतीनें त्या कृत्याला निर्दोष ठरविणें म्हणजे त्यांच्याजवळ जें एकच धन उरलें होतें तेंहि काढून घेणें होय.

मला वाटतें, या पश्चात्तापांतच प्रश्नाचें उत्तर आहे. भयानें मनुष्याचा पाय हलतो. तो हलूं नये ही अपेक्षा मोठी आहे, आणि ती पुरी करणारे थोडे असतात. परंतु पाय हलल्यानंतर मनुष्यापुढें आणखी एक निवड उभी राहते, आणि तिच्याकडे आपलें लक्ष जात नाहीं. 'मी पडलों' असें तो म्हणूं शकतो. किंवा 'येथें पडण्यासारखें कांहीं नव्हतेंच, ही जमीनच अशी आहे' असेंहि म्हणूं शकतो. पहिलें म्हणणाऱ्याजवळ मोजपट्टी शिल्लक राहते. तो त्या पट्टीनें उणा ठरतो, पण पट्टी मोडून टाकीत नाहीं. दुसऱ्याला लाज वाटेनाशी होते, आणि लाजेबरोबर ती वस्तूहि जाते जिच्यामुळें लाज वाटत होती. श्रद्धा धरून ठेवणें याचा अर्थ न पडणें असा केला तर ती फारच थोड्यांच्या वांट्याला येईल. पडण्याला पडणें म्हणत राहणें असा केला तर ती दुर्बळांच्याहि आवाक्यांत येते, आणि तरीहि स्वस्त होत नाहीं. शुभवर्तमानांतील पेत्राची कथा याच अर्थाची आहे. एका दासीच्या प्रश्नाला भिऊन ज्यानें आपल्या गुरूला तीनदां नाकारलें, त्यालाच पुढें त्या मंडळीचा आधार मानण्यांत आलें. नाकारणें आणि आधार होणें यांच्यामध्यें केवळ एक गोष्ट घडली होती: तो बाहेर जाऊन रडला होता.

१६३३ च्या ऑक्टोबरांत नागासाकीस घडलेला एक प्रसंग या संदर्भांत आठवतो. कैद्यांना खड्ड्यावर उलटें टांगून ठेवण्याची एक भयंकर शिक्षा तेथें प्रचारांत आली होती. त्या शिक्षेस एकाच वेळीं बसविलेल्यांत दोघे होते. एक नाकाउरा ज्युलियन. हा जपानी जेझुइट लहानपणीं जपानच्या वकिलातीबरोबर गोव्यावरून रोमला जाऊन पोपला भेटून आलेला. दुसरा क्रिस्तोव्हाँ फेरेइरा, त्या देशांतील जेझुइटांचा प्रमुख. ज्युलियन त्या शिक्षेंतच मेला. फेरेइरा सुमारें पांच तासांनंतर शरण गेला. आपण, ज्यांनीं असल्या खड्ड्याची कल्पनाहि नीट केलेली नाहीं, त्या पांच तासांबद्दल फेरेइराला दोष देण्यास सर्वथा अपात्र आहों. परंतु पुढें त्यानें जपानी नांव धारण केलें, छळ करणाऱ्यांच्या चौकशींत साहाय्य केलें, आणि १६३६ च्या पुस्तकांत आपल्या पूर्वधर्माचें खंडन त्याच्या नांवानें निघालें. हें त्यानें कितपत स्वेच्छेनें केलें याचा निवाडा करणें आपलें काम नव्हे. एवढें मात्र म्हणतां येईल कीं, मोठ्या विद्वान् धर्मगुरूची वाट जेथें संपलेली दिसते तेथूनच निरक्षर खेडुतांची वाट पुढें गेली. तेहि शरण गेले होते; पण शरणागतीचें शास्त्र त्यांनीं बनविलें नाहीं.

आतां अनिश्चिततेचा विचार करूं. माझ्या विद्यार्थ्याची अर्धी व्यथा भयाची होती, अर्धी अनिश्चिततेची. विल्यम जेम्स या अमेरिकन तत्त्वज्ञानें १८९६ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, जेथें पुराव्यानें निर्णय होत नाहीं, आणि तरी निवड टाळतां येत नाहीं व तिचें महत्त्व मोठें असतें, तेथें श्रद्धेच्या बाजूनें कौल देण्याचा मनुष्यास हक्क आहे. हा सिद्धांत मीं अनेक वर्षें वर्गांत शिकविला. परंतु त्यांत श्रद्धा म्हणजे चौरस्त्यावर उभ्या असलेल्या विचारी मनुष्यानें एकदां घेतलेला निर्णय, असें चित्र उभें राहतें. त्या खेड्यांतून श्रद्धेचें स्वरूप निराळें होतें. गांवांत एकाकडे पंचांग सांभाळण्याचें काम असे. उपवासाचे व सणांचे दिवस तो मोजून ठेवी. दुसऱ्याकडे नवजात मुलांना स्नानसंस्कार देण्याचें काम असे. तिसरा निरोप घरोघर पोंचवी. लॅटिन व पोर्तुगीज शब्दांच्या प्रार्थना तोंडीं चालत. कालांतरानें शब्द झिजले आणि अर्थ हरपला, तरी म्हणणें थांबलें नाहीं. बौद्धांच्या करुणादेवीची मूर्ति ठेवून तिच्या ठायीं कित्येकजण मरियेचें ध्यान करीत. आपण उच्चारतों ते शब्द बरोबर आहेत काय, आपला संस्कार देवाच्या दरबारीं ग्राह्य आहे काय, जगांत आपल्यासारखे आणखी कोणी उरले आहेत काय, यांपैकीं एकाहि प्रश्नाचें उत्तर त्यांच्यापाशीं नव्हतें. तरी पंचांगवाला दिवस मोजीत राहिला. सात पिढ्यांनंतर पाद्री समुद्रावरून परत येतील, अशी एक भविष्यवाणी त्यांच्यांत सांगितली जाई; परंतु सातवी पिढी पाहण्याची आशा मधल्या पांच पिढ्यांना कोठून असणार?

ज्याला मनाची ग्वाही मिळत नाहीं त्यानें हातांनीं करण्याचें काम करीत राहावें, हा यांतला धडा आहे. श्रद्धा ही सतत अनुभवास येणारी भावना आहे असें आपण समजतों, आणि भावना आटली कीं श्रद्धा गेली म्हणून घाबरतों. पण आईवर आपलें प्रेम आहे कीं नाहीं हें मनुष्य रात्रीं अंतःकरण चांचपून ठरवीत नाहीं. तो उठून तिचें औषध देतो. प्रार्थनेला बसल्यावर भीतीच येत असेल, तर बसणें हीच त्या दिवसाची प्रार्थना.

आणि या भित्र्यांचें पुढें काय झालें तेंहि सांगितलें पाहिजे. परकीयांना वसाहतींत आपलें उपासनामंदिर बांधण्याची मोकळीक मिळाल्यावर नागासाकीच्या ओउरा भागांत फ्रेंच मिशनऱ्यांनीं एक चर्च उभारलें, आणि तें गोन्सालो ज्यांत होता त्या सव्वीस हुतात्म्यांनाच अर्पण केलें. १८६५ च्या मार्चच्या १७ तारखेस उराकामी खेड्यांतील दहापंधरा माणसें त्या चर्चमध्यें आलीं. त्यांतील एका स्त्रीनें फादर पेतिजाँ यांच्याजवळ जाऊन हळूच सांगितलें कीं, आमचेंहि अंतःकरण तुमच्यासारखेंच आहे. आणि विचारलें कीं, मरियेची मूर्ति कोठें आहे? हें सांगणें अद्याप गुन्हा होतें. दोनच वर्षांत पुन्हां धरपकड झाली. पहिल्या छळांत बहुतेकांनीं पुन्हां एकदां हार खाल्ली. ताकागी सेनेमोन नांवाचा एक शेतकरी मात्र हलला नाहीं, आणि त्याला पाहून इतर लोक परत गेले व आपला नकार मागें घेते झाले. नंतर गांवचें गांव, सुमारें ३,४०० माणसें, देशोधडीला लावण्यांत आलें. त्यांत सहाशेंहून अधिक मेलीं. १८७३ सालीं बंदीचे फलक उतरविण्यांत आले तेव्हां उरलेले परत आले. आणि त्यांनीं काय करावें? ज्या गांवप्रमुखाच्या वाड्यांत पिढ्यान् पिढ्या त्यांच्याकडून प्रतिमा तुडवून घेतली जाई, ती जागाच त्यांनीं विकत घेतली आणि तेथें आपलें चर्च बांधलें. आपल्या लाजेची जागा त्यांनीं विसरून टाकली नाहीं. तिच्यावरच वेदी उभारली. विटांचें तें भव्य मंदिर १९१४ सालीं पुरें झालें.

येथें कथा संपली असती तर ती फार सोयीची झाली असती. परंतु १९४५ च्या ऑगस्टच्या ९ तारखेस नागासाकीवर जो अणुबाँब पडला तो त्या चर्चपासून सुमारें पांचशें मीटरांवर फुटला. उराकामीच्या बारा हजारांच्या आसपास ख्रिस्ती लोकांपैकीं सुमारें साडेआठ हजार मेले. अडीचशें वर्षांच्या छळानें जें झालें नाहीं तें एका क्षणांत झालें. आणि तेंहि ख्रिस्ती म्हणविणाऱ्या राष्ट्राच्या विमानांतून. छळांत निदान शत्रु समोर असतो, आणि तो कांहीं तरी मागत असतो. येथें कोणी कांहीं मागितलें नाहीं. ताकाशी नागाई या वैद्यानें, ज्याची पत्नी त्या दिवशीं जळून गेली, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत मृतांच्या प्रार्थनासभेंत असा अर्थ लावला कीं, युद्धाच्या पापाचें प्रायश्चित्त म्हणून देवानें हा निर्मळ बलि स्वीकारला. स्वतः मृत्युशय्येकडे वाटचाल करणाऱ्या त्या सत्पुरुषापुढें बोलतांना वाणी अडखळते. तथापि हा अर्थ मला मान्य होत नाहीं, आणि जपानांतील कित्येकांनाहि तो मान्य झाला नाहीं. त्यानें बाँब टाकणाऱ्यांची जबाबदारी देवाच्या माथीं जाते, आणि त्याच शहरांत मेलेल्या हजारों बौद्धांच्या मृत्यूला कोणता अर्थ उरतो? १९८१ सालीं पोप जॉन पॉल दुसरे यांनीं हिरोशिमांत जाऊन युद्ध हें मनुष्याचें कृत्य होय असें स्पष्ट सांगितलें, तें बरें केलें.

दुःखाचा अर्थ लावतां आलाच पाहिजे, नाहीं तर श्रद्धा ढांसळेल, ही समजूत माझ्या विद्यार्थ्याचीहि होती. परंतु त्याच्याच धर्मग्रंथांतील ईयोबाची कथा याच्या उलट सांगते. तेथें दुःखाचा व्यवस्थित अर्थ लावणारे ईयोबाचे मित्र आहेत, आणि शेवटीं देवाचा कोप होतो तो त्यांच्यावर. ओरडणाऱ्या, भांडणाऱ्या ईयोबाला मात्र तो आपला सेवक म्हणतो. ख्रिस्तानेंहि गेथशेमाने बागेंत तो पेला टळावा म्हणून विनवणी केली, आणि क्रूसावर आपल्याला टाकून दिल्याचा आक्रोश केला. त्याच्या भयाची ही नोंद शुभवर्तमानकारांनीं झांकून ठेवली नाहीं. तक्रार ज्याच्याकडे करावयाची तो ऐकणारा आहे एवढें मानल्याशिवाय तक्रार होत नाहीं. म्हणून आक्रोश हाहि श्रद्धेचाच एक प्रकार समजला पाहिजे.

शेवटीं एक गोष्ट न्यायासाठीं सांगितली पाहिजे. गोन्सालोच्या आधीं जपानांत ख्रिस्ती धर्म नेणारा फ्रान्सिस झेवियर १५४९ सालीं गोव्याहूनच निघाला होता. आणि गोव्यांत धर्मन्यायालय स्थापावें अशी मागणी पोर्तुगालच्या राजाकडे त्यानेंच १५४६ च्या पत्रांत केली होती. १५६० सालीं तें स्थापन झालें. त्याच सुमारास कुशस्थळीचा मंगेश भक्तांनीं नदीपार प्रियोळास नेला. जपानांत जे तुडविले गेले, त्यांच्याच धर्माच्या सत्तेनें येथें दुसऱ्यांना तुडविलें. देव घेऊन पळून जाणारे ते भक्तहि भ्यालेले होते, आणि त्यांना अश्रद्ध म्हणण्याचें आपल्या मनांतहि येत नाहीं. मग नागासाकीच्या कोळ्यांना वेगळा न्याय कां? प्रतिमेवर ज्याचा पाय पडला त्याचा विचार करतांना, ती प्रतिमा जमिनीवर ज्यानें ठेवली त्याला आपण विसरतों. मनुष्याचें अंतःकरण आणि त्याची भाकर यांपैकीं एक निवडावयास लावणें, हा अपराध निवडणाऱ्याचा नसून लावणाऱ्याचा आहे. आणि आज आपण बहुसंख्य म्हणून जेथें जेथें नांदतों तेथें तेथें हें आपणहि लक्षांत ठेविलें पाहिजे.

माझ्या विद्यार्थ्याला आतां मी एवढेंच सांगेन: भय वाटतें म्हणून स्वतःचा निकाल लावूं नकोस. गोन्सालोची पूजा कर. पण त्याच्या मरणानंतर अडीचशें वर्षें जे थरथरत पाय देत आले आणि रात्रीं दार लावून रडत आले, तेहि तुझेच पूर्वज आहेत असें समज. त्यांच्यापाशीं धैर्य नव्हतें, पुरावा नव्हता, सांत्वन करणारा कोणी नव्हता. दिवस मोजण्याचें काम मात्र त्यांनीं सोडलें नाहीं. तूं आईच्या उशाशीं बसून तेंच करीत आहेस.